लंगोट कोण धुणार?

बाळ होणार म्हटलं की घरात दोन याद्या तयार होतात. एक होणाऱ्या आईच्या मोबाइलमध्ये, दुसरी आजीच्या डोक्यात. मोबाइलमधल्या यादीत डायपरचं मोठं पाकीट असतं. आजीच्या यादीत असतं आजोबांचं जुनं धोतर, एखादी धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी आणि मेणकापड. मग एक दिवस या याद्या समोरासमोर येतात आणि बाळ यायच्या आधीच घरात पहिली चकमक झडते. "आम्ही काय तुम्हाला डायपर लावून वाढवलं?" असं एक बाजू म्हणते. "आई, तेव्हाचं वेगळं होतं," असं दुसरी. बाळाचे बाबा अशा वेळी बहुधा फोनवर असतात.

आधीच सांगून टाकते, मी कापडी लंगोटाच्या बाजूची आहे. पण माझी एक अट आहे, आणि ती कापडाबद्दल नाही, हातांबद्दल आहे. ती पुढे येईलच.

हा वाद फक्त आपल्याच घरांत चालतो असं समजू नका. ब्रिटनमध्ये तर त्याचा सरकारी पातळीवर हिशेब मांडला गेला. तिथल्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने २००५ मध्ये पहिला अहवाल काढला. मूल अडीच वर्षांचं होईपर्यंत कापडी लंगोट आणि वापरून फेकायचे डायपर यांचा पर्यावरणावर किती भार पडतो, हे कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंत मोजलं. त्यासाठी आईवडिलांनाही विचारलं होतं, लंगोट किती आहेत, किती गरम पाण्यात धुता, वाळवता कसे. उत्तर आलं की दोहोंत म्हणावा असा फरक नाही. कापडवाले अर्थातच चिडले. मग २००८ मध्ये तोच अभ्यास नव्याने झाला. त्यात एका मुलामागे डायपरचा भार साधारण ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका निघाला आणि कापडाचा ५७०. म्हणजे कापडाचाच थोडा जास्त!

पण त्या अहवालातली वाचण्यासारखी गोष्ट याच्या पुढे आहे. तेच कापडी लंगोट मशीन पूर्ण भरून धुतले, दोरीवर वाळवले आणि पाठच्या भावंडालाही वापरले, तर भार सुमारे २०० किलोंनी उतरतो. आणि ९० अंशांच्या पाण्यात धुऊन दर वेळी ड्रायरमध्ये वाळवले, तर सुमारे ४२० किलोंनी चढतो. लंगोट तेच, बाळ तेच. सगळा फरक धुणाऱ्या घराच्या सवयींचा. पुढे २०२३ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याने आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात डायपर ४५७ किलोंवर आणि कापड ३४५ किलोंवर आलं, म्हणजे कापड जवळपास पाव हिश्शाने हलकं ठरलं. दरम्यान तिथल्या विजेतला कोळसाही बराच घटला होता.

हे आकडे वाचले तेव्हा माझ्या मनात आलं, अरे, त्यांनी ज्या चांगल्या सवयी म्हणून सुचवल्या त्या तर आपल्याकडे उपजतच आहेत. लंगोट धुवायला आपण पाणी उकळत बसत नाही. ड्रायर आपल्या बहुतेक घरांत नाहीच, गॅलरीत दोरी आहे. आणि दुसऱ्या बाळाला वापरण्याचं म्हणाल, तर नव्या बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनं लागावं, तेही एखाद्या धडधाकट वाढलेल्या बाळाचं मागून आणलेलं, ही आपल्या आज्यांची रीतच. ब्रिटनमधल्या कापडाला ज्या दोन गोष्टी महागात पडतात, गरम पाणी आणि वाळवणी, त्या आपल्याकडे जवळजवळ फुकट आहेत. मग शहरातल्या घरांत कापडी लंगोट इतक्या लवकर का हरतात?

कुटुंबांचा कल काय आहे, हे प्रश्नावली देऊन तपासता येतं. पण असल्या प्रश्नावलीत एक गोम असते. "कापडी लंगोट वापरायला आवडतील का?" असं विचारलं की माणूस बरं दिसेल ते उत्तर देतो. मी ज्या आयांशी बोलते त्यांच्यातली एकही कापडाला वाईट म्हणत नाही. कापड मऊ, कापड स्वस्त, कापडाने कचरा होत नाही, सगळं मान्य. आणि पाठोपाठ, "पण आमच्याकडे ते जमत नाही हो." त्यामुळे मत काय आहे यापेक्षा ते कुठे बदलतं हे पाहावं.

ते कुठे बदलतं, सांगू? माहेराहून परत येताना.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तिथे आई असते, एखादी मावशी येऊनजाऊन असते, मालिशवाली असते. बाळंतिणीने पाण्यात हात घालायचा नाही असा दंडकच असतो. लंगोट दिवसाला दहा-बारा भिजतात, पण ते कधी धुतले गेले, कधी दोरीवरून उतरले, कधी घड्या होऊन उशाशी आले, हे तिला कळतही नाही. त्या घरात कापडाबद्दलचा कल विचाराल तर शंभर टक्के अनुकूल. मग दोन-तीन महिन्यांनी ती डोंबिवलीच्या किंवा वाकडच्या आपल्या फ्लॅटवर परतते. नवरा सकाळी आठला बाहेर पडतो. बाळ मांडीवर, दूध गॅसवर, आणि बाथरूममध्ये बादली. पंधरा दिवसांत डायपरचं पाकीट येतं. मधल्या काळात तिने कोणताही अहवाल वाचलेला नसतो आणि पृथ्वीबद्दलचं तिचं प्रेमही आटलेलं नसतं. हात कमी झालेले असतात, एवढंच.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर एक पाहणी केली, लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता. पुरुषांचा ९७ मिनिटं. मुलांची आणि म्हाताऱ्यांची देखभाल त्यात धरलेली नाही, ती वेगळीच. आता या पाच तासांवर आणखी दहा लंगोटांची भर घाला आणि मग त्या बाईला विचारा, पर्यावरणाबद्दल तुमचा दृष्टिकोन काय?

म्हणून माझी अट ही : घरात जो कापडाचा आग्रह धरेल, त्याने बादली उचलावी. सासूबाईंचा आग्रह असेल आणि गुडघे चांगले असतील तर सासूबाईंनी. नवऱ्याने कुठेतरी वाचून 'आपण कापडीच वापरू या' असं जाहीर केलं असेल तर नवऱ्याने. स्वतः आईलाच हवं असेल तर उरलेल्या कामांतलं एखादं तिच्याकडून काढून घ्यावं. आग्रह एकाचा आणि धुणं दुसऱ्याचं, अशी वाटणी असेल तर त्या घरात डायपर आणलेला बरा.

आणि कामाला येणाऱ्या मावशी? त्यांच्यावर सोडून मोकळं होणारी घरं पुष्कळ आहेत. पुष्कळ मावशी शीचे लंगोट धुवायला नकार देतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. आपल्याच बाळाची शी आपल्याला उचलवत नसेल तर ती त्यांनी का उचलावी? त्या तयार असतील तर कामाचे वेगळे पैसे ठरवा, आणि लंगोट संडासात झटकून, एकदा पाण्यातून काढूनच त्यांच्यापुढे ठेवा. एवढी माणुसकी घरात असली पाहिजे.

आता कापडाकडे येते. आजी जुनं धोतर फाडायला घेते ते बघण्यासारखं असतं. कडेला कात्रीने बोटभर चीर द्यायची आणि मग दोन्ही हातांनी सरळ टरकवायचं. धागा धरून फाटतं, कापताना होतं तसं वाकडं होत नाही. आणि कडेला शिवण नाही. दुमडून शिवलं की तिथे कापड दुहेरी होतं, ओलं राहतं आणि बाळाच्या जांघेत काचतं. सुटलेले दोरे तेवढे काढून टाकायचे, कारण एखादा बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला तर बोट सुजतं. चौकोनाची तिकोनी घडी, खाली मेणकापड, वर दुपटं. हे सगळं तिला कुणी शिकवलेलं नाही, पाहून पाहून आलेलं आहे. बाजारात आज जे बटणांचे कापडी डायपर मिळतात, बाहेरून पाणी न झिरपणारं आवरण आणि आत शोषणारी पट्टी, तीही याच कल्पनेची सुधारून काढलेली आवृत्ती. मेणकापड आता कापडालाच चिकटवलंय, इतकंच.

अशा लंगोटांना लोक नावं ठेवतात, "गळतात हो," म्हणून. बऱ्याचदा त्याचं कारण साधं असतं. नवं सुती कापड पहिल्या दिवशी पाणी पीत नाही. कापसाचा नैसर्गिक तेलकटपणा निघून जायला ते चार-पाच वेळा धुवावं लागतं, मग ते शोषायला लागतं. दुसरं कारण, कपड्यांना वास आणि मऊपणा यावा म्हणून घालतात ते फॅब्रिक कंडिशनर. त्याचा थर बसला की कापड पाणी झिडकारतं. लंगोटांना ते अजिबात नको. साबण बेताचा, पाणी भरपूर, आणि ऊन.

ऊन म्हटल्यावर पावसाळा आठवतोच. जुलै महिना, बंद खिडक्या, पंखा पाचवर. खुर्चीच्या पाठीवर लंगोट, दाराच्या कडीला लंगोट, इस्त्रीच्या टेबलावर चार, आणि सगळ्या घराला तो कुबट वास. पूर्वी शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर दुपटी वाळवायचे. आता शेगडी नाही, आणि बंद खोलीत निखारे असूही नयेत. अर्धवट ओलं कापड बाळाच्या अंगाला लावण्यापेक्षा त्या दिवसांत सरळ डायपर वापरा. रात्री वापरा, प्रवासात वापरा, बाळाला जुलाब होत असतील तेव्हा वापरा. दिवसा घरी कापड आणि बाकी वेळी डायपर ही तडजोड काही कमी प्रतीची नाही. दिवसाला दोन डायपर वाचले तर वर्षाचे सातशेहून अधिक होतात. ते सातशे मोजा, वापरलेल्या एका डायपरची बोच कशाला घेऊन बसायची?

पाण्याचंही तसंच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं होतं. 'जलदूत' म्हणत त्या गाडीला. ज्या घरात टँकर आठवड्याने येतो त्या घराला कापडाचे फायदे सांगणं हे शहाणपण नव्हे, आगाऊपणा आहे.

त्वचेबद्दल दोन्ही बाजूंचे गैरसमज आहेत. कापडाने पुरळ येतच नाही, असं आजी म्हणते. येतं. डायपर बारा तास चालतो, असं जाहिरात सांगते. तो ओल शोषून घेत असेल बारा तास, पण शी झाल्यावर एक मिनिटही ठेवायचा नाही. पुरळ येतं ते ओल, घासणं आणि शी-शूचा त्वचेशी लांबलेला संबंध यामुळे. कापड असो की डायपर, वेळेवर बदललं, कोमट पाण्याने पुसलं, दिवसातून थोडा वेळ बाळाला मोकळं उघडं ठेवलं तर पुष्कळसं टळतं. लाली आलीच तर झिंक ऑक्साइडचं मलम लावतात. पावडरचा डबा मात्र दूर ठेवा, ती बाळाच्या श्वासात जाते. आणि लाली दोन-तीन दिवसांत उतरली नाही, किंवा जांघेच्या घडीत लालभडक होऊन भोवती बारीक पुटकुळ्या दिसल्या, तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांना दाखवा. बहुधा बुरशीचा संसर्ग असतो आणि त्याला औषध वेगळं लागतं.

कापडाचा एक फायदा मात्र कोणत्याही अहवालात शोधायला नको. भिजलेला लंगोट दिसतो. पहिला आठवडा सरला की बाळाला दिवसरात्र मिळून सहा-आठ वेळा शू व्हायला हवी, म्हणजे त्याला दूध पुरतंय असं समजायचं. "माझं दूध पुरत नाहीये का?" या एका काळजीने किती आया रात्र रात्र जागतात! कापड बदलताना तो हिशेब आपोआप होतो. फुगलेल्या डायपरवरून ते सहज कळत नाही.

जाता जाता आणखी एक. लंगोट बांधून वरून दुपट्यात गुंडाळताना बाळाचे पाय सरळ ताणून घट्ट बांधू नका. बेडकासारखे दुमडलेले, पसरलेले पाय हीच त्याच्या खुब्यासाठी योग्य ठेवण आहे. 'पाय सरळ व्हावेत म्हणून' बांधण्याने खुबा निसटण्याचा धोका वाढतो.

खर्चाचं पाहू. डायपर दहा रुपयांचा धरा आणि दिवसाला चार. वर्षाचे १४,६०० रुपये. नव्या धर्तीचा कापडी डायपर पाचशेचा धरला तर पंधरांचे साडेसात हजार, आणि ते दुसऱ्या बाळालाही येतात. हिशेब कापडाच्या बाजूने आहे. पण साडेसात हजार एकदम काढावे लागतात आणि डायपरचे पैसे आठवड्याच्या किराण्यात जिरून जातात, ही त्यातली मेख. शिवाय पंधरा घेतले आणि बाळाला बसलेच नाहीत तर? ब्रिटनमध्ये यावर एक छान सोय आहे. गावोगावच्या आया मिळून लंगोटांची वाचनालयं चालवतात. वेगवेगळ्या प्रकारचे लंगोट काही आठवडे घरी न्यायचे, वापरून पाहायचे, धुऊन परत द्यायचे. आपल्याकडे अशी सोय नसेना, मैत्रीण तर असते. तिच्याकडचे दोन मागून आणा. किंवा दोन-तीनच विकत घ्या. महिनाभर ते धुतले गेले तर आणखी आणा. एकदम संच घेणाऱ्यांचे लंगोट कपाटात घडी घालून पडलेले मी पाहिलेत.

फेकलेल्या डायपरचं पुढे काय होतं, हे सांगायलाच हवं, कारण तो आपल्या दारातून गेला तरी कुणाच्या तरी हातात पडतोच. डायपरमध्ये प्लास्टिकचे थर असतात, लाकडाचा लगदा असतो आणि पाणी शोषून जेलीसारखी होणारी रासायनिक भुकटी असते. हे एकमेकांपासून वेगळं काढणं जिकिरीचं, म्हणून तो सहसा पुन्हा कशाच्या कामाला येत नाही. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत डायपर नीट गुंडाळून वेगळा देण्याची जबाबदारी घरावर टाकली, आणि गुंडाळायला पिशवी पुरवण्याची उत्पादकांवर. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे. तिच्या कष्टकरी बायकांनी २०१३ मध्ये वापरलेल्या सॅनिटरी नॅपकिनची पोती उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवली होती. तुमचा माल, तुम्हीच उघडून बघा! पुढे कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची मोहीम त्यांच्याकडूनच आली, म्हणजे हाताने कचरा निवडणारीला आत काय आहे ते न उघडता कळावं. एक जुना कागद आणि लाल पेन. तुमच्या गावात ठिपक्याची पद्धत नसली तरी काढा. आणि गुंडाळण्याआधी शी संडासात टाका. 'बाळाची शी म्हणजे काही घाण नव्हे' हा आपला लाडका समज आहे, पण रोगजंतूंना बाळाचं वय कळत नाही.

पाळणाघराचं एक राहिलं. कायद्याने २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा आहे, अर्थात नोकरी त्या कायद्यात बसणारी असेल तर. ती संपली की बाळ पाळणाघरात जातं आणि तिथे पहिल्याच दिवशी सांगतात, डायपर आणा. दहा मुलं सांभाळणाऱ्या बाईला दहा घरांचे लंगोट वेगळे ठेवा म्हणणं जुलूम आहे. तरीही विचारून बघा. झिप असलेली पिशवी दिली, ओले लंगोट न धुता तसेच तिच्यात टाका म्हटलं, तर काही ताई ऐकतात.

आता बाबांशी थोडं. तुम्ही आंघोळ घालता, फिरायला नेता, फोटो काढता, ते सगळं दिसतं. पण या लेखातला प्रश्न तुमच्यापुढेच येऊन थांबतो. पृथ्वी वाचवण्याबद्दल घराघरांत जे मत आहे ते आहेच, ते बदलायची गरज नाही. बादली कोणाची, हे ठरलेलं नाही. तेव्हा पहिला लंगोट विकत आणायच्या आधी दोघांनी बसून वार वाटून घ्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार तुमचे. कागदावर लिहून फ्रिजला लावा, म्हणजे आजीलाही दिसेल. वाटणी जमली तर कापड आणा. नाही जमली तर डायपर आणा, गुंडाळून लाल ठिपका काढून द्या, आणि बाळाच्या आईला त्यावरून कुणीही, अगदी कुणीही, एक शब्द बोलू नका.